हवाई विद्यापीठ पाहायचं तर: अळूच्या खाचरापासून माउना केआच्या माथ्यापर्यंत

होनोलुलुत उतरणाऱ्या पर्यटकाला हवाई विद्यापीठ सहसा दिसतच नाही. वायकिकीच्या हॉटेलांच्या रांगेमागे डोंगरात शिरलेलं मानोआ नावाचं खोरं आहे. १९०७ साली स्थापन झालेलं शेतकी आणि यंत्रविद्येचं एक लहानसं कॉलेज १९१२ मध्ये तिथे आलं. आज त्याच विद्यापीठाची वेगवेगळ्या बेटांवर मिळून १० आवारं आहेत. तिथल्या संशोधनाची यादी नुसती वाचली तर विस्कळीत वाटते: अळू, प्रवाळ, मुंग्या, लघुग्रह, जुनी वर्तमानपत्रं, बिनतारी जाळं. जागेवर जाऊन एकापाठोपाठ एक पाहिलं की यातल्या बहुतेकांचं मूळ भूगोलात सापडतं. जहाजाने काही तास गेलं की पावणेपाच हजार मीटर खोल समुद्र, गाडीने दोन तास चढलं की ४,२०५ मीटर उंचीचा माउना केआचा माथा. आणि या दोन्हींच्या मधे बाहेरून आलेली कीड, जी एकदा बेटावर उतरली की सहसा परत जात नाही.

आखणी करताना दोन गोष्टी ठरवून टाकाव्यात. समुद्र आधी आणि डोंगर शेवटी, कारण स्कूबा डायव्हिंगनंतर २४ तास माउना केआवर जाता येत नाही. पाण्याखालच्या दाबाने रक्तात विरघळलेला नायट्रोजन उंचीवर बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडतो. दुसरं म्हणजे महिन्याचा पहिला शनिवार गाठून सुरुवात करावी. का ते पुढे येईलच. भारतातलं घड्याळ हवाईच्या साडेपंधरा तास पुढे असतं आणि हवाईत उन्हाळ्यात घड्याळं पुढे ढकलत नाहीत, त्यामुळे तिथल्या विभागांना पत्र पाठवलं तर उत्तर आपल्या मध्यरात्रीनंतरच येणार. प्रयोगशाळा दाखवा म्हणून लिहायचं असेल तर काही आठवडे आधी लिहावं. वेळेवर दारात उभं राहून कोणी आत घेत नाही.

शनिवार: कानेवाईचं खाचर

मानोआ आवाराच्या कडेला, डोल स्ट्रीटलगत, ओढ्याच्या काठी अळूची खाचरं आहेत. हवाईत अळूला कालो म्हणतात आणि पाणथळ खाचराला लोई. १९८० मध्ये विद्यार्थ्यांनी इथला बुजलेला जुना पाट शोधून पुन्हा वाहता केला. आता ही जागा विद्यापीठाच्या हवाईयन ज्ञानशाखेकडे आहे आणि महिन्याच्या पहिल्या शनिवारी बाहेरच्या लोकांनाही चिखलात उतरून काम करू देतात.

कपडे टाकाऊ घालावेत. पायाला जखम असेल तर मात्र काठावरच बसावं. इथल्या ओढ्यांच्या पाण्यात लेप्टोचा धोका असतो, आणि मुंबई-कोकणातल्या वाचकाला लेप्टो म्हणजे काय हे सांगायला नको.

लागवड कंदापासून होत नाही. काढणीच्या वेळी कंदाच्या माथ्याची जेमतेम सेंटिमीटरभर चकती आणि तिच्यावरचा वीतभर-दीड वीत देठ एवढंच ठेवतात, पानं छाटतात आणि तो तुकडा चिखलात खोचतात. चकती जाड ठेवली तर ती कुजायला लागते. पातळ झाली तर देठ सुटा होतो. पुढे ९ ते १५ महिने पाणी सतत वाहतं ठेवायचं. इथली खरी मेख पाण्याच्या तापमानात आहे. पाणी साचलं की तापतं, तापलं की त्यातला प्राणवायू घटतो आणि पिथियम नावाची बुरशीसारखी रोगकारक जात कंद आतून मऊ करून टाकते. म्हणून पाट ओढ्यातून पाणी घेतो, खाचरांमधून फिरवतो आणि खाली पुन्हा ओढ्यातच सोडतो. वरच्या शेजाऱ्याने पाणी अडवलं की खालच्याचं पीक कुजतं. हवाईत पाण्याच्या हक्कांवरून कोर्टकज्जे होतात त्यात अळूचे शेतकरी असतात ते यामुळेच.

पानांवर गोल तपकिरी डाग आणि त्यांच्या कडेला पिवळट थेंब दिसले तर तो करपा. फायटोफ्थोरा कोलोकेसी हा याचा कारक भारतातल्या अळूवरही येतो. करप्याला तोंड देणारी जात हवी म्हणून विद्यापीठाने हवाईयन कालोचा पालाऊ बेटांवरच्या जातीशी संकर केला आणि तयार झालेल्या ३ वाणांवर २००२ मध्ये पेटंट घेतलं. शास्त्र म्हणून काम चोख होतं. पण हवाईयन परंपरेत कालो हा माणसाचा थोरला भाऊ आहे: आकाशपित्याचं मृत जन्मलेलं मूल पुरलं, त्यातून कालो उगवला आणि धाकटा भाऊ म्हणजे पहिला माणूस. थोरल्या भावावर मालकी सांगणार का, असा सवाल करत शेतकरी आणि विद्यार्थी रस्त्यावर आले आणि २००६ मध्ये विद्यापीठाने पेटंट सोडून दिलं. पीकसंशोधन करणाऱ्या कुठल्याही संस्थेने हा तंटा अभ्यासायला हवा.

कच्चं पान किंवा कंद तोंडात घालून पाहू नका. कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया इथेही त्याच. आपण फतफत्यात चिंच घालतो; हवाईत पानं तासभर तरी शिजवतात आणि कंद त्याहून कितीतरी जास्त.

रविवार: वायकिकी

आवार बंद, पण विद्यापीठाचं मत्स्यालय चालू. वायकिकी अ‍ॅक्वेरियम १९०४ मध्ये सुरू झालं आणि १९१९ मध्ये विद्यापीठाकडे आलं. छोटं आहे, दीड तासात होतं. जिवंत प्रवाळांच्या टाक्यांपाशी वेळ घालवा. बुधवारी जे दिसणार त्याची ओळख इथे होते.

उन्हाळ्यातल्या मोठ्या उधाणाच्या दिवशी आलात तर किनाऱ्यावर फोटो काढणारे लोक दिसतील. विद्यापीठाचा सागरी विस्तार विभाग नागरिकांकडून उधाणाचे फोटो गोळा करतो. फोटो कामाचा ठरायला ठिकाण, अचूक वेळ आणि चौकटीत न हलणारी एखादी वस्तू लागते: भिंत, खांब, पायरी. नुसत्या लाटेच्या फोटोचा उपयोग नाही. विमानतळाजवळच्या मापुनापुना भागात तर भर उन्हात रस्त्यावर पाणी येतं, कारण समुद्र पावसाळी गटारांतूनच उलटा वर चढतो.

सोमवार: मानोआ आवार

बसने जायचं असेल तर होलो कार्ड घ्यावं. रोख दिलं तर सुटे परत मिळत नाहीत.

पहिला थांबा हॅमिल्टन लायब्ररी. ३० ऑक्टोबर २००४ च्या रात्री मानोआ ओढा फुटला आणि तळघरात पाणी घुसलं. नकाशे, हवाई छायाचित्रं आणि सरकारी दस्तऐवज तिथेच होते. वाचवण्याची पहिली पायरी वाळवणं ही नव्हती, गोठवणं ही होती. उष्ण, दमट हवेत ओल्या कागदावर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते आणि गुळगुळीत कागदाची पानं एकमेकांना चिकटून ठोकळा होतो. गोठवलं की दोन्ही थांबतं. मग निर्वात कोठीत बर्फाची थेट वाफ करून कागद वाळवतात, त्यामुळे शाई फुटत नाही. नदीकाठच्या आपल्या ग्रंथालयांनी लक्षात ठेवावी अशी ही गोष्ट आहे.

याच आवारात संगणकांच्या बिनतारी जाळ्याचा जन्म झाला. १९७१ च्या जूनमध्ये नॉर्मन अ‍ॅब्रमसन आणि सहकाऱ्यांनी अलोहानेट सुरू केलं. बेटाबेटांवरच्या कॉलेजांना मानोआतला संगणक वापरायचा होता. टेलिफोनच्या तारा महाग आणि भरवशाच्या नव्हत्या. त्यांनी रेडिओ घेतला. सर्वांना एकच वाहिनी आणि नियम एवढाच: पाठवायचं असेल तेव्हा पाठवा, पोच आली नाही तर थोडा वेळ थांबून पुन्हा पाठवा. थांबण्याचा वेळ प्रत्येकाने यादृच्छिक ठेवायचा, नाहीतर एकदा आदळलेले दोघे पुन्हा त्याच क्षणी आदळतील. एका संदेशात ८० अक्षरं, वेग सेकंदाला ९,६०० बिट, म्हणजे पूर्ण संदेशाला सुमारे ७३ मिलिसेकंद. या पद्धतीत वाहिनीचा जास्तीत जास्त १८.४ टक्के भागच उपयोगी पडतो. त्यापुढे गर्दी वाढवली की टकरी इतक्या वाढतात की वाहतूक उलट घटते. सर्वांनी ठरावीक ठोक्यावरच पाठवायला सुरुवात केली तर ही मर्यादा दुप्पट होते, ३६.८ टक्के. इथरनेटची कल्पना यातूनच पुढे गेली. भोवती समुद्र नसता तर तार टाकून मोकळे झाले असते.

समुद्रविज्ञानाच्या इमारतीत स्टेशन अलोहाचं काम समजून घ्यावं. ही जागा ओआहूच्या, म्हणजे होनोलुलुच्या बेटाच्या, उत्तरेला सुमारे १०० किलोमीटरवर आहे. पाहुण्यांना तिथे नेत नाहीत, आणि जाऊन निळ्या पाण्याशिवाय काही दिसणारही नाही. ऑक्टोबर १९८८ पासून साधारण दर महिन्याला जहाज तिथे जातं आणि तीच मोजमापं पुन्हा घेतं. ३०० हून जास्त फेऱ्या झाल्या आहेत. अलीकडच्या काळात अनेक फेऱ्या किलो मोआना या जहाजाने होतात. त्याचे दोन तळभाग पाण्यात बुडलेले, लाटांच्या खाली राहतात, त्यामुळे खवळलेल्या पाण्यातही ते कमी डुलतं.

मोजणीचा क्रम कधी बदलत नाही. २४ बाटल्यांचं गोल कडं तारेने खाली सोडतात. प्रत्येक बाटली १२ लिटरची, दोन्ही टोकांनी उघडी, ठरलेल्या खोलीवर वरून इशारा देऊन बंद करायची. कडं डेकवर आलं की पहिला नमुना ऑक्सिजनचा. बाटलीची तोटी उघडताच वर हवा शिरते आणि उरलेलं पाणी बिघडायला लागतं, म्हणून वायूंचे नमुने आधी आणि क्षारतेचा शेवटी. नळी काचेच्या कुपीच्या तळापर्यंत घालायची, कुपी तिच्या मापाच्या काही पट पाणी वाहून जाईपर्यंत भरायची, एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही. मग मँगनीज क्लोराइड आणि अल्कलीयुक्त आयोडाइड पृष्ठभागाच्या खाली सोडून बूच लावायचं आणि हलवायचं. तपकिरी साका बसला की ऑक्सिजन बांधला गेला. पोषकद्रव्यांच्या नमुन्याला हातमोजे लागतात, कारण इथल्या वरच्या थरात फॉस्फेट इतकं कमी आहे की बोटाचा नुसता स्पर्श आकडा बिघडवतो. सर्वांत जास्त घात करते ती गळकी बाटली: बंद झाल्यासारखी दिसते, पण वर येताना उथळ पाणी आत घेते. तापमान आणि क्षारतेचे आकडे त्या खोलीशी जुळले नाहीत की ती बाटली बाद.

याच ठिकाणी ४,७२८ मीटर खोलीवर जून २०११ पासून वीज आणि इंटरनेट असलेलं केंद्र आहे. निवृत्त झालेल्या समुद्री टेलिफोन केबलचं टोक उचलून ते तिला जोडलं. तिथला पाण्यातला मायक्रोफोन देवमासे ऐकतो आणि जहाजंही.

भूगोलाने सगळं समजतं असंही नाही. ३ ऑक्टोबर १९९७ ला मानोआत जन्मलेली क्युम्युलिना ही उंदरीण म्हणजे प्रौढ पेशीपासून क्लोन केलेला पहिला उंदीर. र्यूझो यानागिमाची यांच्या प्रयोगशाळेत तेरुहिको वाकायामा यांनी अंड्यातलं केंद्रक काढून अंडाशयातल्या पेशीचं केंद्रक सूक्ष्म सुईने आत सोडलं. सुई दाबून घुसवली तर अंडं फुटतं, म्हणून तिला विजेच्या साह्याने अतिसूक्ष्म ठोके दिले. याचा बेटाशी काही संबंध नाही. चिकाटीचा एक माणूस तिथे येऊन राहिला, एवढंच.

मंगळवार: लायन आर्बोरेटम

मानोआ रस्ता संपतो तिथे. आवारातून हे अंतर थोडंसंच, पण पाऊस कितीतरी पट: वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर, म्हणजे कोकणाएवढा, फक्त चार महिन्यांत न पडता वर्षभर पडणारा. छत्रीपेक्षा पावसाळी जॅकेट बरं, आणि डासांचं मलम हवंच.

१९१८ मध्ये ऊस मळेवाल्यांच्या संघटनेने ही जागा घेतली. गुरांनी उतार बोडके केले होते आणि उसाला पाणी लागत होतं. हॅरल्ड लायन यांनी लवकर वाढणारी परदेशी झाडं लावून डोंगर झाकले. पाणी टिकलं, पण परदेशी झाडांचं रान मात्र कायमचं गळ्यात पडलं. १९५३ पासून बाग विद्यापीठाकडे आहे आणि आता तिथलं महत्त्वाचं काम नेमकं उलट दिशेचं आहे: नामशेष होत आलेल्या मूळ वनस्पती काचनळीत जगवणं.

पद्धत ऊतीसंवर्धनाची, केळीची रोपं बनवणाऱ्या कुठल्याही लॅबमधली. कोंब कापायचा, साबणाच्या पाण्यात धुवायचा, पातळ ब्लीचमध्ये काही मिनिटं ठेवायचा, निर्जंतुक पाण्याने खळखळून धुऊन स्वच्छ हवेच्या झोतात अगारच्या पोषक जेलीवर लावायचा. आठवड्याच्या आत बुरशी दिसली तर नळी फेकायची. केळीच्या लॅबमध्ये फेकणं सोपं. इथे रानात त्या जातीची हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच झाडं उरलेली असू शकतात. शिवाय प्रत्येक जातीचं ब्लीच सोसण्याचं प्रमाण वेगळं, आणि ते शोधायला वाया घालवण्याजोगे कोंब नसतात.

बीजपेढीत एक धडा आहे. जगभरची रूढ रीत म्हणजे बी वाळवा आणि उणे १८ अंशांवर ठेवा. हवाईच्या अनेक वनस्पतींचं बी, विशेषतः लोबेलिया कुळातलं, या गारठ्यात काही वर्षांत मरतं. साध्या फ्रिजच्या ५ अंशांवर जास्त टिकतं. पुस्तकी पद्धत डोळे झाकून वापरली असती तर पेढी भरलेली दिसली असती आणि आत मेलेलं बी असतं. म्हणून ठरावीक मुदतीने थोडं बी काढून रुजवून पाहतात.

बुधवार: मोकु ओ लोए

कनेओहे उपसागरातलं हे सुमारे ११ हेक्टरचं बेट म्हणजे विद्यापीठाची सागरी जीवशास्त्र संस्था. लिलिपुना धक्क्यावरून संस्थेच्या होडीने जावं लागतं आणि फेरीची जागा आधी राखावी लागते. स्वतःची कयाक घेऊन बेटावर चढू नये.

हा उपसागरच मोठा प्रयोग आहे. १९७७-७८ पर्यंत त्यात सांडपाणी सोडत होते; बंद झाल्यावर पाणी निवळलं आणि प्रवाळ परतले. त्याच दशकात पॉल जोकिएल आणि स्टीव्ह कोल्स यांनी दाखवलं की उन्हाळ्यातल्या कमाल तापमानापेक्षा पाणी एक-दोन अंशांनी जास्त वेळ तापलं की प्रवाळ पांढरे पडतात. प्रश्न आला होता काहे येथल्या वीजकेंद्राच्या गरम पाण्यामुळे. वातावरण तापण्याची चर्चा नंतरची. २०१४ आणि २०१५ मध्ये सलग दोन उन्हाळे प्रवाळ पांढरे पडले, आणि शेजारीशेजारी असलेल्या एकाच जातीच्या वसाहतींपैकी एक पांढरी, दुसरी तपकिरी असं दिसलं. तपकिरी का तगली, याच प्रश्नावर रूथ गेट्स यांनी २०१८ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत काम केलं: सोशीक वसाहती निवडून त्यांची पैदास करता येते का?

टाक्यांपाशी थांबून पाहिलं तर काम साधं वाटतं. वसाहतीचा बोटाएवढा तुकडा तोडायचा, जेलसारख्या झटपट गोंदाने चकतीवर चिकटवायचा, वाहत्या समुद्रपाण्यात जखम भरू द्यायची आणि मग पाणी हळूहळू तापवायचं. एकदम तापवलं तर मोजमाप उष्णतेच्या धक्क्याचं होतं, पांढरं पडण्याचं नाही. बिघाड बहुधा रात्री होतो. पंप थांबला की प्रवाळ आणि शेवाळ दोघेही श्वास घेतात, प्रकाशसंश्लेषण बंद असतं, प्राणवायू संपतो आणि सकाळी सगळी टाकी मेलेली. म्हणून शहाणी लॅब एकाच तापमानाच्या टाक्या एकाच पंपावर ठेवत नाही.

पैदाशीला घड्याळ लागतं. मोंटिपोरा कॅपिटाटा ही जात उन्हाळ्यातल्या अमावास्येनंतरच्या काही रात्री, पावणेनऊच्या सुमारास अंडी आणि शुक्राणूंच्या एकत्र गोळ्या सोडते. गोळ्या तरंगतात आणि थोड्या वेळात फुटतात; तेवढ्यात त्या गोळा करून वेगवेगळ्या वसाहतींच्या मिसळायच्या. तांबडा दिवा वापरायचा, पांढरा नाही. रात्र हुकली तर पुढच्या अमावास्येपर्यंत थांबायचं, आणि उन्हाळा संपला तर वर्ष गेलं.

उपसागरातली दुसरी लढाई शेवाळाशी. प्रयोगासाठी आणि शेतीसाठी आणलेल्या समुद्रशैवालांनी खडक झाकून टाकले. पाणबुडे ते हाताने सोलून मोठ्या नळीत देतात, पंप ते तराफ्यावर खेचतो. पण खडकाच्या खाचेत राहिलेल्या तुकड्यातून ते पुन्हा वाढतं, म्हणून मागोमाग प्रयोगशाळेत वाढवलेले समुद्री साळू सोडतात आणि ते उरलंसुरलं चरतात. नुसती नळी किंवा नुसते साळू, दोन्ही अपुरे पडतात.

पाण्यात उतरणार असाल तर सनस्क्रीन पाहून घ्या. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्झेट असलेलं सनस्क्रीन विकायला हवाईत १ जानेवारी २०२१ पासून बंदी आहे. झिंक ऑक्साइडचं चालतं.

गुरुवार: हिलो

होनोलुलुहून हवाई या मोठ्या बेटावरच्या हिलोचं विमान पाऊण तासाचं. आदल्या दिवशी डायव्हिंग केलं असेल तर १८ तास गेल्यावरचं विमान घ्यावं.

हिलोतल्या आवारात हवाईयन भाषेचं महाविद्यालय आहे. १८९६ च्या कायद्याने शाळांचं माध्यम इंग्रजी झालं आणि दोन-तीन पिढ्यांत घराघरातून भाषा गेली. १९७८ मध्ये ती राज्यभाषा झाली, १९८३ मध्ये पालक-शिक्षकांनी बालवाड्यांची संस्था काढली, १९८७ मध्ये सरकारी शाळांत हवाईयन माध्यमाचे वर्ग आले, १९९७ मध्ये हे महाविद्यालय. क्रम लक्षात घ्या: मुलं आधी, विद्यापीठ शेवटी. बालवाडीतली मुलं वर सरकत गेली तशी प्रत्येक इयत्तेला पुस्तकं आणि शिक्षक हवे झाले, आणि ते तयार करणं हेच इथलं मुख्य काम बनलं. बीजगणितापासून जीवशास्त्रापर्यंत नवे शब्द घडवणारी समिती आहे.

१८३४ ते १९४८ या काळातली हवाईयन वर्तमानपत्रं सव्वा लाख पानांच्या आसपास भरतात. जुन्या छपाईत स्वरांची लांबी आणि कंठ्य थांबा दाखवत नसत, शाई पसरलेली, त्यामुळे संगणकाचं वाचन ठेचकाळतं आणि स्वयंसेवकांनी पानंच्या पानं हाताने टंकित केली. त्याचं फळ अनपेक्षित जागी मिळालं. ९ ऑगस्ट १८७१ च्या वादळाच्या बातम्यांत कुठल्या गावी वारा कधी फिरला, कुठली घरं आणि झाडं आडवी झाली हे लिहिलेलं होतं. हवामानशास्त्रज्ञ स्टीव्हन बिझिंगर आणि हवाईयनचे अभ्यासक पुआकेआ नोगेलमायर यांच्या गटाने त्यावरून वादळाचा मार्ग आखला: हवाई आणि माउई बेटांवरून गेलेलं किमान तिसऱ्या श्रेणीचं चक्रीवादळ. आपले उंच डोंगर वादळ अडवतात हा या दोन बेटांवरचा लाडका समज त्याने मोडला.

दुपारी इमिलोआ हे खगोल केंद्र पाहावं, शनिवारची तयारी तिथेच होते. २०१७ च्या १९ ऑक्टोबरला माउईवरच्या हलेआकलावरील पॅन-स्टार्स दुर्बिणीने दुसऱ्या ताऱ्याकडून आलेली पहिली ज्ञात वस्तू टिपली. तिला ओउमुआमुआ हे नाव हवाईयन भाषातज्ज्ञांशी बोलून दिलं.

शुक्रवार: पुना

हिलोच्या दक्षिणेला पुना हा पपईचा प्रदेश. १९९२ मध्ये इथे रिंगस्पॉट विषाणू पोचला. मावा एका झाडावरून दुसऱ्यावर टोचत जातो, काही क्षणांत लागण होते, त्यामुळे कीटकनाशक मारेपर्यंत उशीर झालेला असतो. नंदुरबारच्या पपई उत्पादकाला ही कथा पाठ आहे. हवाईत फरक पडला तो तयारीमुळे: विषाणू ओआहूवर १९५० च्या दशकातच होता आणि पुन्यात कधीतरी येणार हे धरून काम आधीच सुरू होतं. कॉर्नेलचे डेनिस गोन्साल्विस, जे मूळ हवाईचेच, आणि हवाई विद्यापीठाचे रिचर्ड मॅनशार्ड यांच्या गटाने विषाणूच्या आवरणाचं जनुक पपईत घातलं. १९९८ मध्ये बियाणं शेतकऱ्यांना मिळालं. सनअप हा लाल गराचा वाण आणि त्याचा स्थानिक पिवळ्या कापोहोशी संकर म्हणजे रेनबो. रेनबो संकरित आहे, त्यामुळे फळातलं बी पेरलं तर पुढची झाडं एकसारखी येत नाहीत. आणि हे संरक्षण विषाणूच्या हवाईतल्या वंशाशी जुळलेलं आहे. तेच झाड दुसऱ्या देशात नेलं तर चालेलच असं नाही. २०१८ मध्ये कापोहो गाव आणि आसपासच्या बागा लाव्ह्याखाली गेल्या. त्यावर कुठल्या जनुकाचा इलाज नाही.

पुन्यात झाडाला टेकू नका. लहान तांबडी मुंगी १९९९ मध्ये इथे सापडली: दीड मिलिमीटर, फिक्कट नारिंगी, चाल मंद. ती जमिनीत राहते तशीच झाडाच्या शेंड्यातही राहते आणि हलवलं की अंगावर गळते. डोळ्याला डसली तर पाळीव जनावरांची नजर अधू होते. घरी आहे का हे पाहण्याची विद्यापीठाच्या मुंगी प्रयोगशाळेने सांगितलेली रीत अशी: चॉपस्टिकच्या टोकाला शेंगदाण्याच्या लोण्याचा पातळ हात फिरवायचा. थर जाड झाला तर मुंग्या त्यात बुडतात आणि ओळखता येत नाहीत. सावलीत, ओलसर जागी, झाडाच्या बेचक्यात आणि कुंड्यांपाशी तासभर ठेवायच्या. मग काड्या झिपच्या पिशवीत घालून २४ तास फ्रीझरमध्ये ठेवून प्रयोगशाळेला पाठवायच्या. उपचार फसतो तो दोन कारणांनी. फक्त जमिनीवर दाणेदार आमिष टाकतात आणि झाडावरची वसाहत तशीच राहते. तिथे चिकटून राहणारं जेल फवारावं लागतं. दुसरं, उपचाराच्या दोन फेऱ्यांनंतर मुंग्या दिसेनाशा झाल्या की लोक थांबतात. वसाहतीत राण्या अनेक असतात आणि कोषातल्या मुंग्या आमिष खात नाहीत, म्हणून दर ६ आठवड्यांनी, जवळपास वर्षभर करावं लागतं.

ओहिया झाडांच्या जंगलात शिरताना बूट घासायचा ब्रश आणि ७० टक्के अल्कोहोलची बाटली ठेवलेली असते. २०१४ पासून झाडं झटपट मरण्याच्या रोगामागची बुरशी माहीत झाली आहे. आधी चिखल घासून काढायचा, नंतर फवारायचं. चिखलावर फवारलं तर अल्कोहोल आतल्या बुरशीपर्यंत पोचत नाही. फांदी मोडायची नाही, कारण बुरशी जखमेतूनच शिरते. कच्च्या वाटेवरून आलात तर गाडीची चाकंही धुवावीत.

शनिवार: माउना केआ

हिलोहून माथा ७० किलोमीटरच्या आत. टाकी हिलोतच भरा, डोंगरावर पेट्रोल नाही. २,८०० मीटरवरच्या केंद्रावर निदान अर्धा तास थांबायचं. पुढे फक्त चारही चाकांना जोर देणारी आणि लो गिअर असलेली गाडी सोडतात. नुसती ऑल-व्हील चालत नाही, आणि भाड्याच्या गाडीच्या करारात हा रस्ता वगळलेला आहे का ते आधी वाचा. १३ वर्षांखालची मुलं, गरोदर बायका, हृदय-फुप्फुसाचे रुग्ण यांनी केंद्रावरच थांबावं; तारे तिथूनही उत्तम दिसतात. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्के. डोकं दुखणं ठीक. तोल जाणं किंवा बोलणं अडखळणं म्हणजे लगेच खाली.

इथे दुर्बिणी का आल्या ते वर येताना दिसतं: ढग एका उंचीवर अडकतात, ओल खाली राहते आणि माथ्यावर कोरडी, संथ हवा. १९६४ मध्ये जेरार्ड कायपर यांनी जागा तपासली, १९६८ मध्ये विद्यापीठाला ६५ वर्षांचा भाडेपट्टा मिळाला, १९७० मध्ये २.२ मीटरची पहिली मोठी दुर्बीण उभी राहिली. पुढे १३ झाल्या. जागेच्या बदल्यात प्रत्येक दुर्बिणीवर विद्यापीठाला निरीक्षणाचा वाटा मिळतो. एवढ्याशा राज्याच्या विद्यापीठाकडे केक नावाच्या दुर्बिणीच्या ३६ तुकड्यांच्या १० मीटर आरशाचा वेळ असतो तो या व्यवहारामुळे. पण हा माथा हवाईयनांसाठी पवित्र आहे. तीस मीटरच्या नव्या दुर्बिणीविरुद्ध २०१९ मध्ये रस्त्यावर महिनोन्‌महिने ठिय्या झाला. २०२२ च्या कायद्याने डोंगराचा कारभार नव्या प्राधिकरणाकडे देण्याची सोय केली, आणि २०२४ मध्ये दोन दुर्बिणी पाडून जागा मोकळी केली. त्यातली एक हिलो आवाराची स्वतःची होती. भाडेपट्टा २०३३ मध्ये संपतो.

वाऱ्याने वर आलेले मेलेले किडे खाऊन राखेच्या खडीत जगणारा वेकियू किडा इथेच सापडतो, जगात दुसरीकडे नाही. म्हणून खडीवर पाय ठेवू नका, रस्ता सोडू नका. आणखी एक उपयोग अडचणीत निघाला: नोव्हेंबर २०२२ मध्ये लाव्ह्याने शेजारच्या माउना लोआ ज्वालामुखीवरच्या वेधशाळेचा रस्ता तोडला, तेव्हा १९५८ पासूनची कार्बन डायऑक्साइडची मोजणी खंडू नये म्हणून उपकरणं तात्पुरती या २.२ मीटरच्या दुर्बिणीच्या इमारतीत लावली.

सूर्यास्तानंतर अर्ध्या तासात माथा सोडावा लागतो. गाड्यांचे दिवे निरीक्षणाच्या आड येतात, आणि उतरताना केंद्राच्या वरच्या कच्च्या ८ किलोमीटरवर ब्रेक तापून निकामी होतात ते याच घाईत. लो गिअरमध्ये उतरावं, ब्रेक टेकून ठेवू नयेत. केंद्रावर रेंजर चाकांचं तापमान मोजतात आणि ब्रेक तापलेले असले तर गाडी थंड होईपर्यंत पुढे जाऊ देत नाहीत. तेवढा वेळ हातात धरूनच परतीचं विमान दुसऱ्या दिवशीचं काढावं.